पार्सल घेताना पण टिप द्यायची का? अमेरिकेतला हा वाद नेमका काय आहे?

समजा, तुम्ही मुलाकडे अमेरिकेला गेला आहात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर आपली भरपूर हॉटेलं आहेत. तुम्ही फोनवर ऑर्डर देता, स्वतः जाऊन काउंटरवरून पिशवी घेता. पैसे द्यायला कार्ड काढता, तोच समोरचा माणूस मशीनची स्क्रीन तुमच्याकडे फिरवतो. त्यावर पर्याय असतात, १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के. आणि खाली बारीक अक्षरात 'नो टिप'.

मागे रांग उभी असते, समोरचा माणूस बघत असतो. बिल ३० डॉलरचं असेल तर २० टक्के म्हणजे ६ डॉलर. आपले पाचशे रुपयांच्या वर. ना कुणी पाणी आणून दिलं, ना कुणी टेबल पुसलं. मग टिप कशाची?

हा प्रश्न फक्त आपल्याला पडतो असं नाही, खुद्द अमेरिकन लोकही यावरून वैतागलेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या सर्व्हेत ७२ टक्के लोकांनी सांगितलं, की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिप मागितली जाते.

मुळात अमेरिकेत टिप एवढी महत्त्वाची का?

आपल्याकडे टिप म्हणजे बडीशेपेच्या वाटीत ठेवलेले दहा-वीस रुपये. खूश होऊन दिलेली बक्षिसी. अमेरिकेत मात्र टिप हा वेटरच्या पगाराचाच भाग आहे, आणि तो कायद्यानेच तसा केलाय.

तिथलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टिप मिळते, अशा कर्मचाऱ्यांना मालक ताशी फक्त २.१३ डॉलर देऊ शकतो. उरलेली रक्कम टिपमधून भरून निघेल, असं गृहीत धरलेलं असतं. ती निघाली नाही, तर फरक मालकाने भरायचा असतो. २.१३ चा हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही.

अर्थात सगळीकडे हेच नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप मिळो न मिळो, मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. म्हणजे तीच टिप एका राज्यात वरकमाई असते आणि दुसऱ्या राज्यात घरभाडं.

मग पार्सलवर टिप कुठून आली?

जुना रिवाज साधा होता. टेबलवर बसून खाल्लं तर १५ ते २० टक्के, पार्सल नेलं तर सक्ती नाही. अमेरिकेचं कर खातंसुद्धा हे मानतं. मोठ्या हॉटेलांच्या वेटरना किती टिप मिळाली असेल याचा हिशोब लावताना विक्रीचे ८ टक्के धरले जातात, आणि त्या विक्रीतून पार्सलची विक्री वगळली जाते.

चित्र बदललं २०२० मध्ये. कोविडमुळे बसून खाणं बंद झालं, हॉटेलं पार्सलवर तगली. जिवावर उदार होऊन कामावर येणाऱ्यांना लोकांनी मनापासून टिप दिली. कोविड ओसरला, पण टिप मागणाऱ्या स्क्रीन काउंटरवर कायम राहिल्या.

त्यावरचे १८-२०-२५ हे आकडे कुठल्या कायद्यातले नाहीत. ते दुकानदाराने मशीनमध्ये भरलेले असतात.

टिप द्यावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं काय?

पार्सल आपोआप तयार होत नाही. डबे भरणं, चटण्या-सॉस मोजून टाकणं, ऑर्डर तपासणं, हे कुणीतरी करतं. बऱ्याच हॉटेलांत हे काम वेटरच करतात. जिथे ताशी २.१३ डॉलर मिळतात, तिथे पार्सल बांधण्यात गेलेला वेळ म्हणजे टिप देणारं टेबल हातचं गेलं.

आणि देऊ नये म्हणणाऱ्यांचं?

त्यांचा सवाल सरळ आहे. कामगाराचा पगार मालकाने द्यायचा की गिऱ्हाईकाने? शिवाय काउंटरवरच्या माणसाला अनेकदा पूर्ण किमान वेतन मिळतच असतं. बहुतेक लोक वागतातही तसंच. प्यूच्या त्याच सर्व्हेत, बसून जेवल्यावर नेहमी किंवा बऱ्याचदा टिप देणारे ९२ टक्के निघाले. जिथे वेटरच नसतो अशा ठिकाणी हे प्रमाण होतं फक्त १२ टक्के.

मग करायचं काय?

पार्सलवर टिप देणं कायद्याने बंधनकारक नाही आणि रिवाजानेही नाही. 'नो टिप' दाबलं म्हणून ओशाळायचं कारण नाही.

पण ऑर्डर मोठी असेल, कुणी पिशव्या गाडीपर्यंत आणून दिल्या असतील, किंवा रोजचं ठिकाण असेल, तर एक-दोन डॉलर किंवा १० टक्क्यांपर्यंत देणं चांगलं मानलं जातं. पार्सल वेटरच बांधतात का, आणि टिप कुणाला मिळते, हे विचारायलाही हरकत नाही. मालक किंवा मॅनेजर कर्मचाऱ्यांच्या टिपमध्ये वाटा घेऊ शकत नाहीत, हा तिथला कायदा आहे.

घरपोच मागवलं तर मात्र गोष्ट वेगळी. डिलिव्हरी करणारा स्वतःची गाडी आणि पेट्रोल वापरून येतो, तिथे टिप द्यायचीच असं धरून चला.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे पार्सलवर टिपचा रिवाज नाही. डब्या-पिशव्यांचे पैसे लागतात, ती टिप नव्हे. पण बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर सावध व्हा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की हॉटेलांनी तो बिलात आपोआप लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एकल पीठाने हे निर्देश योग्य ठरवले. त्याविरोधात पुढे अपीलही झालं. असा चार्ज लावला तर आधी काढायला सांगा. नाही काढला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आणि डबा नीट बांधून देणाऱ्या पोऱ्याला दहा रुपये द्यावेसे वाटले, तर जरूर द्या. फक्त ते थेट त्याच्या हातात द्या, गल्ल्यावर नको.