डिशच्या बॉक्सला घरचे वायफाय

गच्चीवरच्या छत्रीला मिळणारा सिग्नल एकाच दिशेने येतो: उपग्रहाकडून आपल्या घरी. म्हणून रोजचे चॅनल पाहायला किंवा रेकॉर्ड करायला इंटरनेट लागत नाही. हुकलेला भाग मागवायचा किंवा ओटीटीवरचा सिनेमा पाहायचा, तर मात्र रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स वायफायला जोडावा लागतो.

आधी बॉक्समध्ये वायफाय आहे का, ते पाहा. नसेल आणि मागे लॅनचा पोर्ट असेल, तर राउटरपासून केबल ओढली की काम होते. यूएसबीचे डोंगल कुठलेही चालेलच असे नाही. त्या मॉडेलला चालणारे आहे ना, हे दुकानात विचारूनच घ्या.

वायफाय असेल तर रिमोटवरून सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क उघडा, यादीतून आपल्या वायफायचे नाव निवडा आणि पासवर्ड टाका. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे तंतोतंत हवीत. बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या भिंती जाड असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडच्या खोलीत नीट पोहोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झ निवडा. वेग कमी, पण पल्ला जास्त. वीज जाऊन आली, तर आधी राउटर सुरू होऊ द्या, मग बॉक्स.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही जोडणी होते. पण एचडी सिनेमाचा एक तास २ ते ३ जीबी डेटा खाऊ शकतो. रोजचा पॅक दीड जीबीचा असेल, तर आधी हिशेब करा.