गोचिडीचा दंश आणि पाठीचें दुखणें

पाठदुखी हा विकार इतका घरगुती आहे कीं, त्याचें कारण शोधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. ओझें उचललें असेल, फार वेळ वांकून बसणें झालें असेल, गार वारा लागला असेल, असें म्हणून घरांतील वडील माणसें शेक घ्यावयास सांगतात, आणि बहुधा चारआठ दिवसांत दुखणें ओसरतेंहि. परंतु एक पाठदुखी अशी आहे कीं, तिला ओझ्याचें किंवा वाऱ्याचें निमित्त लागत नाहीं. ती शेकानें हटत नाहीं, पडून राहिल्यानें कमी होत नाहीं. दिवसा कशीबशी सोसवते आणि रात्रीं अंथरुणाला पाठ लागली कीं खवळून उठते. आज ती दोन खांद्यांच्या मध्यें असते, चार दिवसांनीं कमरेंत येते, मग मांडींतून पायांत उतरते. जळजळ, टोचणी, चमक अशीं तिचीं अनेक रूपें असतात. रोगी सारी रात्र येरझारा घालून काढतो. अशा दुखण्याचें मूळ पाठींत नसून कांहीं आठवड्यांपूर्वीं रानांत चावलेल्या एका गोचिडींत असूं शकतें, ही गोष्ट वैद्यकालाहि फार उशिरा उमगली.

या रोगाला लाइम रोग असें नांव आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील कनेक्टिकट, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांतील झाडी आणि युरोपांतील स्वीडनपासून ऑस्ट्रियापर्यंतचीं अरण्यें हा त्याचा मुख्य मुलूख होय. २०१० ते २०१८ या काळांत अमेरिकेंत दरसाल सुमारें ४,७६,००० लोकांवर या रोगासाठीं उपचार झाले, असा तेथील सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज आहे. न्यू जर्सी आणि शेजारच्या राज्यांत आज कितीतरी मराठी कुटुंबें स्थायिक झालेलीं आहेत, आणि उन्हाळ्यांत पुण्यामुंबईचे आईबाप त्यांच्याकडे जाऊन राहतात. तेव्हां परक्यांचा रोग म्हणून याकडे पाठ फिरविणें शहाणपणाचें नाहीं. सिंधुदुर्गांतील दोडामार्ग आणि गोव्यांतील सत्तरी या भागांत गोचिडींपासून होणारा माकडताप मात्र निराळा. तो विषाणूचा रोग आहे, आणि त्याची व लाइम रोगाची गल्लत करतां कामा नये.

लाइम रोगाचा जंतु मळसूत्रासारखा पिळाचा असतो. तो रानउंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या शरीरांत वास करतो. गोचिडीचें पिल्लूं अशा उंदराचें रक्त प्यालें म्हणजे जंतु त्याच्या पोटांत शिरतो, आणि पुढच्या अवस्थेंत तीच गोचीड माणसाला चिकटली म्हणजे तिच्या लाळेंतून तो माणसाच्या त्वचेंत उतरतो. ही गोचीड उडत नाहीं कीं उडी मारीत नाहीं. गवताच्या पात्याच्या टोंकाशीं पाय पसरून ती वाट पाहत बसते आणि जाणाऱ्याच्या वस्त्राला बिलगते. या अर्धवाढीच्या गोचिडीचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा असतो, आणि तिचा दंश मुळींच दुखत नाहीं. त्यामुळें ज्यांना हा रोग जडतो त्यांतील पुष्कळांना आपल्याला कांहीं चावल्याचें स्मरणहि नसतें. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, अमेरिकेंतील गोचीड बहुधा चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहिल्यावांचून जंतु अंगांत उतरत नाहीं.

दंशानंतर ३ ते ३० दिवसांत त्या जागीं तांबडा डाग उमटतो आणि दिवसेंदिवस पसरत जातो. कधीं कधीं त्याचा मध्य निवळून भोंवतीं कडें राहतें. दहांपैकीं सातआठ रोग्यांना असा डाग येतो. पण तो काखेंत, गुडघ्यामागें किंवा पाठीवर असला म्हणजे दिसावयाचा कोणाला? पुढें जंतु रक्ताच्या वाटेनें शरीरभर हिंडतो. कोणाचे सांधे सुजतात, कोणाच्या हृदयाच्या ठोक्यांत व्यत्यय येतो, कोणाचें तोंड एका बाजूला लुळें पडतें. आणि कोणाच्या पाठीच्या कण्यापाशीं, जेथून मज्जातंतु हातापायांकडे फुटतात, तेथें त्यांच्या मुळांना दाह होतो. मज्जातंतूचें मूळ चेतलें म्हणजे तो तंतु शरीराच्या ज्या पट्ट्याची खबर मेंदूला देतो, त्या सबंध पट्ट्यांत वेदना भासते. दुखणें पाठीपासून छातीकडे किंवा पायाकडे धांवतें, तें याच कारणानें. पाठीचे स्नायु व हाडें तेव्हां निर्दोष असतात. दुखतो तो तंतु.

युरोपांतील वैद्यांनीं या रोगाचे तुकडे एकेक करून पूर्वींच पाहिले होते. १९०९ सालीं स्वीडनमध्यें अर्विड अफझेलियस या त्वचारोगतज्ज्ञानें पसरत्या तांबड्या डागाचें वर्णन केलें. १९२२ सालीं फ्रान्समध्यें लियों येथील गारँ आणि ब्युजादू या दोघा वैद्यांनीं गोचीड चावल्यानंतर असह्य कळा व हाताचा लुळेपणा आलेल्या एका रोग्याची हकीकत छापली. १९४१ सालीं म्यूनिकच्या आल्फ्रेड बानवार्टनें मज्जातंतूंच्या कळा आणि मेंदूच्या आवरणाचा दाह यांची सांगड घातली; ही पाठदुखी वैद्यकांत आजहि त्याच्याच नांवानें ओळखली जाते. परंतु हे तिन्ही तुकडे एकाच मडक्याचे आहेत, हें ओळखावयास आणखी चाळीस वर्षें जावीं लागलीं.

तें ओळखण्याचें श्रेय एका गृहिणीकडे जातें. कनेक्टिकटमधील लाइम या लहानशा गांवांत पॉली मरे नांवाच्या बाई राहत असत. त्यांना स्वतःला आणि त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षें पुरळ, ताप, डोकेदुखी, सांध्यांची सूज असे विकार होत. वैद्य बदलले, औषधें बदललीं. हें सारें मनाचें दुखणें आहे, असेंहि त्यांना ऐकावें लागलें. पण त्यांनीं घरांतील प्रत्येकाच्या दुखण्याची टिपणें ठेवलीं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केली, तों तींच लक्षणें अनेक घरांत आढळलीं. १९७५ सालीं त्यांनीं व दुसऱ्या एका मातेनें हा प्रकार आरोग्यखात्याच्या आणि येल विद्यापीठाच्या कानांवर घातला. डॉ. ॲलन स्टीअर यांनीं त्या टापूंतील तीन गांवांत फिरून ३९ मुलें आणि १२ प्रौढ असे ५१ रोगी नोंदले, आणि १९७७ सालीं हा एक नवा संधिवात म्हणून जाहीर केला. पुढें विली बर्गडॉर्फर या स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञाला न्यू यॉर्क राज्यांतील शेल्टर बेटावरच्या गोचिडींच्या पोटांत मळसूत्री जंतु सांपडला. १९८२ सालीं तो शोध प्रसिद्ध झाला आणि तुटलेले तुकडे जुळले.

पाठदुखीच्या रोग्याला या इतिहासाचा उपयोग निदानाच्या वेळीं होतो. अशा रोग्याची मणक्यांमधील चकती सरकली आहे, असा समज होणें सहज शक्य असतें. मध्यम वयांत मणक्यांचे फोटो काढले तर कोठें ना कोठें झीज दिसतेच, आणि सारा दोष तिच्या माथीं मारला जातो. म्हणून रात्रीं वाढणारी, जागा बदलणारी, इजेवांचून उद्भवलेली पाठदुखी, आणि तिच्या आधीं कांहीं आठवड्यांत रानांत, बागेंत किंवा गवतांत झालेला वावर, या दोन गोष्टी रोग्यानें आपण होऊन वैद्याला सांगाव्या. तोंड वांकडें झालें असेल किंवा हातापायांत अशक्तपणा आला असेल, तर संशय आणखी बळावतो. रक्ताची परीक्षा दोन टप्प्यांनीं होते. परंतु ती जंतूला पाहत नाहीं, जंतूशीं लढण्यासाठीं शरीरानें केलेले प्रतिपिंड पाहते. ते तयार व्हावयास कांहीं आठवडे लागतात, म्हणून अगदीं आरंभीं परीक्षा निर्दोष येऊं शकते. आणि रोग बरा झाल्यावरहि ते वर्षानुवर्षें रक्तांत राहतात, म्हणून परीक्षेंत दोष दिसला तर रोग अजून आहे, असेंहि ठरत नाहीं. शंका उरल्यास कण्यांतील द्रव काढून तपासतात.

निदान वेळेवर झालें तर उपाय सोपा आहे. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या किंवा सेफ्ट्रिॲक्सोन हें शिरेंतून देण्याचें औषध दोनतीन आठवडे दिलें म्हणजे जंतूचा नाश होतो, आणि रात्रीची ती कळ पुष्कळदां थोड्याच दिवसांत हटूं लागते. बहुतेक रोगी पूर्ववत् बरे होतात. मात्र अमेरिकेंतील अनुभव असा कीं, शेकडा ५ ते १० जणांना उपचार पुरे झाल्यावरहि महिनोन् महिने थकवा, अंगदुखी किंवा विस्मरण यांचा त्रास होत राहतो. खरी कसोटी येथेंच लागते. ज्या रोग्याची पाठ अजून दुखते, त्याला वाटतें कीं जंतु अद्याप अंगांत दडून बसला आहे. आणि ज्याला रक्तांत कांहीं सांपडत नाहीं, त्या वैद्याला वाटूं लागतें कीं दुखणें आतां केवळ मनांत उरलें आहे. हे दोन्ही समज रोग्याचें नुकसान करतात.

पहिल्या समजाची परीक्षा शास्त्रानें चोख केलेली आहे. २००१ सालीं अमेरिकेंत अशा १२९ रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहींना ३० दिवस शिरेंतून आणि ६० दिवस तोंडानें जंतुनाशक औषध दिलें. इतरांना दिसावयास तसेंच, पण निर्गुण औषध दिलें. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच आढळली. २०१६ सालीं नेदरलंडमध्यें २८० रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षहि तोच निघाला: दोन आठवड्यांच्या उपचारावर आणखी बारा आठवड्यांचें औषध देऊन अधिक गुण येत नाहीं. तरीहि महिनोन् महिने शिरेंत नळी ठेवून औषध घेणारे रोगी आहेत आणि देणारेहि आहेत. त्या नळीवाटे दुसरेच जंतु रक्तांत शिरून जिवावर बेतल्याचीं उदाहरणें २०१७ सालीं तेथील आरोग्यसंस्थेनें छापलीं. पैसा जातो तो वेगळाच.

दुसरा समज तितकाच चुकीचा आहे. जंतु मेला म्हणून वेदना खोटी ठरत नाहीं. घराला लागलेली आग विझली तरी जळलेल्या तुळया लगेच नव्या होत नाहींत. दाह झालेला मज्जातंतु सावकाश सुधारतो. शिवाय दीर्घ काळ वेदनेच्या खबरा मिळत राहिल्या म्हणजे मज्जासंस्थाच इतकी हळवी होते कीं, एरव्हीं सहज सोसवणारें ओझें किंवा वांकणेंहि तिला दुखरें वाटतें. हें दुखणें अंगांतलेंच आहे, त्यांत रोग्याचा कांगावा नाहीं. फरक एवढाच कीं, त्यावर जंतुनाशक औषध चालत नाहीं.

मग चालतें काय? अंथरूण धरून राहणें तर नव्हेच. पडून राहिल्यानें पाठीचे स्नायु दुबळे होतात आणि दुखणें वाढतें. चालणें, पोहणें, हळूहळू वाढविलेला व्यायाम यांनीं बळ परत येतें. मात्र बऱ्या दिवशीं उत्साहाच्या भरांत आठवड्याचें काम उरकावें आणि पुढचे तीन दिवस पडून काढावे, ही रीत घातक आहे. रोज थोडें, पण रोज, हा नेम बरा. निजण्याउठण्याची वेळ ठरलेली असावी, कारण झोंप मोडली कीं वेदनेची धार वाढते. मज्जातंतूंच्या कळांवर वेगळीं औषधें आहेत. तीं वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावीं. मन खचलें असेल तर त्याचाहि उपचार करावा. तसें करणें म्हणजे दुखणें मनाचें आहे असें कबूल करणें नव्हे. आणि प्रत्येक नव्या तक्रारीचें खापर जुन्या गोचिडीवर फोडूं नये. ताप, वजन घटणें, पायांतील बळ जाणें, लघवीवरचा ताबा सुटणें असें कांहीं घडल्यास तांतडीनें वैद्याला गांठावें.

घरच्या माणसांचें कर्तव्यहि लहान नाहीं. या दुखण्याला ना प्लास्टर ना पट्टी. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, आणि म्हणूनच ‘कालपर्यंत तर चांगला हिंडत होता’ हें वाक्य त्याला वेदनेइतकेंच बोंचतें. त्याच्यावर विश्वास ठेवावा, पण त्याचीं सारीं कामें काढून घेऊन त्याला अपंग करूं नये. पॉली मरे यांच्या त्या टिपणांसारखी रोजची चार ओळींची नोंद रोग्यानें ठेवली तर वैद्याचें काम सुकर होतें, आणि सुधारणा कितीहि मंद असली तरी ती त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसते.

यापेक्षां दंशच टाळणें केव्हांहि सोपें. अशा प्रदेशांत गवताझाडींतून जातांना पायजम्याचीं टोकें मोज्यांत खोंचावीं, परतल्यावर स्नान करून काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू आणि केसांखालची त्वचा नीट पाहावी. गोचीड दिसलीच तर तिच्यावर तेल ओतूं नये कीं जळती काडी लावूं नये. बारीक चिमट्यानें त्वचेलगत धरून तिला सरळ, सावकाश वर ओढावी, आणि जागा धुऊन ती तारीख लिहून ठेवावी. महिन्याभरानें एखाद्या रात्रीं पाठ खवळून उठली, तर तीच तारीख वैद्याला अचूक वाट दाखवील.