आजोबांचा गोळा हलका का?

एखाद्या व्यायाम मंडळाच्या मैदानावर पहाटे गेलात, तर नववीतला मुलगा, चाळिशीचे शिक्षक आणि सत्तरीचे आजोबा एकत्र धावताना दिसतील. सरावात काही अडत नाही. अडते ते स्पर्धेच्या दिवशी. सर्वांना एकदम सोडले, तर निकाल आधीच ठरलेला! वयाचे गट पाडले, तर आजोबा एकटेच धावणार आणि एकटेच पहिले येणार. त्यात गंमत ती काय? मग सर्वांना सामावून घेणारी, तरीही न्याय्य स्पर्धा भरवता येईल का?

प्रथम गोळाफेक घेऊ. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोग्रॅमचा असतो. ज्येष्ठांच्या जागतिक मैदानी स्पर्धांत मात्र ५० ते ५९ वर्षांच्या पुरुषांना ६, साठीच्या गटाला ५, सत्तरीच्या गटाला ४ आणि त्यापुढे ३ किलोग्रॅमचा गोळा देतात. ही दया नव्हे. यामागे हिशेब आहे.

गोळा हातातून सुटेपर्यंत खेळाडू जे कार्य करतो, ते म्हणजे बल गुणिले अंतर. या कार्याची गतिज ऊर्जा होते. ही ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. गोळ्याचा पल्ला ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. (गोळा वर उचलण्यात खर्च होणारे कार्य तूर्त सोडून देऊ.) म्हणजेच पल्ला बलाच्या सम प्रमाणात आणि वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आता ४ ला ७.२६ ने भागा. उत्तर येते सुमारे ०.५५. आजोबांचे बल तरुणपणाच्या ५५ टक्क्यांवर आले, तरी ४ किलोग्रॅमचा गोळा पूर्वीइतकाच लांब जाईल!

पण धावण्याच्या शर्यतीत काय करायचे? शरीर काही गोळ्यासारखे बदलून मिळत नाही. तेथे सुटण्याची वेळ बदलता येते. समजा, ३ किलोमीटरला आजोबांना १८ मिनिटे लागतात, शिक्षकांना १४ आणि मुलाला १२. आजोबांना आधी सोडा, ४ मिनिटांनी शिक्षकांना आणि ६ मिनिटांनी मुलाला. प्रत्येकजण नेहमीच्या वेगाने धावला, तर तिघे एकाच क्षणी पोहोचतील. जिंकेल तो, जो आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा सर्वांत जास्त मिनिटे वाचवील. शेवटचे शंभर मीटर तर पाहण्यासारखे होतात!

यात एक चोरवाट आहे. चाचणीच्या दिवशी मुद्दाम रेंगाळणाऱ्याला फुकटची सवलत मिळते. म्हणून एकाच चाचणीवर विसंबू नये. मागील तीन-चार धावांपैकी सर्वांत चांगली वेळ धरावी.

मग नुसते वय पाहून सवलत द्यावी का? तसे तक्तेही आहेत. त्या वयाची प्रमाण वेळ १५ मिनिटे आणि तुमची २० असेल, तर तुम्हाला ७५ टक्के गुण. पण तक्त्याला वय कळते, माणूस कळत नाही. कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरँटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४९ सेकंदांत धावले. विशीतले कितीतरी धावपटू त्यांच्या मागेच राहतील! उलट, त्याच वयाच्या एखाद्याचे गुडघे जिनाही चढू देत नाहीत.

कबड्डीत मात्र सवलतीने भागत नाही. धडकेत दोघांवरचे बल सारखेच असते; पण ज्याचे वस्तुमान कमी, त्याला त्वरण अधिक मिळते, आणि हाडे मोडतात ती त्याचीच. तेथे वयाचे आणि वजनाचे गटच हवेत.

तेव्हा स्पर्धा भरवण्यापूर्वी स्वतःला विचारा : आपल्याला काय मोजायचे आहे? सर्वांत वेगवान कोण हे मोजायचे असेल, तर एकच रेषा, एकच शिट्टी. सर्वांत अधिक कष्ट कोणी घेतले हे मोजायचे असेल, तर शिट्ट्या अनेक. शाळेच्या पुढच्या क्रीडादिनी घड्याळ घेऊन हा प्रयोग करून पाहा. आणि हो, आजोबांना बोलवायला विसरू नका!