दर्शनी लावावयाचे क्रमांक आणि जपावयाचे क्रमांक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला केलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. आज त्या गोष्टींत आणखी एकीची भर पडली आहे, ती म्हणजे रुग्णाचा आधार क्रमांक. कळवा, खारेगाव, विटावा या परिसरातील आपल्यापैकी काहीजण केसपेपरला आधारकार्डाची झेरॉक्स जोडून घेतात. हेतू चांगला असला तरी या प्रथेचा विचार होणे आवश्यक आहे.

प्रथम आपलेच क्रमांक पाहू. वैद्याचा नोंदणी क्रमांक आणि औषधाच्या वेष्टनावरील उत्पादन परवाना क्रमांक हे लोकांनी पाहावेत यासाठीच असतात. जीएसटी क्रमांकही नोंदणीकृत व्यावसायिकाने प्रवेशद्वाराच्या नामफलकावर लावावयाचा असतो. या पंधरा अक्षरांतील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन होय. अर्थात एकल मालकीच्या दुकानाची पाटी वाचणाऱ्यास मालकाचा पॅन आपोआप कळतो. त्यामुळे दूरध्वनीवर कोणी आपला पॅन अचूक सांगितला, तरी तो शासकीय अधिकारीच असेल असे समजू नये. क्रमांक हे नाव आहे, किल्ली नव्हे.

आधारचे तसे नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे या योजनेचा आरंभ झाला. बारा अंकांपैकी शेवटचा अंक केवळ लेखनातील चूक पकडण्यासाठी असतो. त्यावरून समोरची व्यक्ती तीच आहे हे सिद्ध होत नाही. झेरॉक्सवरूनही ते सिद्ध होत नाही. कार्डावरील क्यूआर संकेतात मात्र प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असल्याने त्याची सत्यता तपासता येते. अशी ऑफलाइन पडताळणी करणाऱ्या संस्थेने आधार क्रमांक गोळा करू नये वा साठवू नये, असे आधार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. त्यापूर्वी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता.

व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत :

१) केसपेपरसाठी नाव, वय, पत्ता व दूरध्वनी पुरेसे आहेत. चिकित्सेस आधारची गरज नाही.

२) ओळख पाहणे आवश्यकच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार पाहून परत करावे.

३) चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. तो नसल्यास उपचार नाकारू नयेत.

४) भ्रमणध्वनीत कार्डाचे छायाचित्र ठेवू नये, सहायकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नये. कोणाचाही ओटीपी विचारू नये.

५) साठलेल्या झेरॉक्स प्रती रद्दीत न देता बारीक फाडून नष्ट कराव्यात.

संगणकात वा भ्रमणध्वनीत ठेवलेल्या माहितीस डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

तथापि दंडाच्या भयाने नव्हे, तर रुग्णाच्या विश्वासापोटी ही काळजी घ्यावी. जी माहिती आपण घेतलीच नाही, ती आपल्या दप्तरातून कधीही फुटणार नाही. निदानपरिवर्जन हीच येथेही प्रथम चिकित्सा होय.