त्वचेतील मूल कोशिका

त्वचेचे नित्य नूतनीकरण व जखमांची भरपाई ज्यांच्यामुळे शक्य होते अशा अविशेषित कोशिका (पेशी). विभाजनाने आपला साठा कायम राखणे आणि विशिष्ट कार्य करणाऱ्या कोशिका पुरविणे, ही दोन्ही कार्ये त्या करतात.

बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या स्तरात मूल कोशिका असतात. त्यांच्यापासून बनलेल्या कोशिका वर सरकताना त्यांत केराटीन हे प्रथिन साचते व शेवटी त्या मृत खवल्यांच्या रूपाने गळून पडतात. माणसात या क्रियेस सु. चार ते सहा आठवडे लागतात. मूल कोशिकांचा दुसरा साठा केशपुटकात (केस ज्यातून उगवतो त्या पिशवीसारख्या भागात), त्वक्-स्नेह ग्रंथीच्या खालील फुगवट्यात असतो. तेथील कोशिका क्वचितच विभागतात, असे जी. कॉट्सारेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. त्यांच्यामुळे केस पुनःपुन्हा उगवतो. जखम झाल्यास बाह्यत्वचेच्या दुरुस्तीसही त्या हातभार लावतात.

विश्रांती व विभाजन यांतील समतोल ढळणे घातक ठरते. याविषयीचे संशोधन पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण प्रगत केंद्रात (ॲक्ट्रेक) झाले आहे. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये येथे हलविण्यात आली. फॉस्फोलिपेज ए२ या गटातील एंझाइम त्वचेत जादा निर्माण होईल असा जननिक बदल केलेल्या उंदरांची बाह्यत्वचा अपसामान्य होते व कर्ककारक रसायनांना ती अधिक सहज बळी पडते, असे रीता मुल्हेरकर व सहकाऱ्यांना २००३ मध्ये आढळले. याच गटातील एका एंझाइमाच्या आधिक्याने केशपुटकातील मूल कोशिका अवेळी विशेषित होऊन त्यांचा साठा घटतो, असे संजीव वाघमारे व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखविले.

मूल कोशिकांच्या पुनर्जननक्षमतेचा उपयोग वैद्यकातही होतो. जे. जी. राइनवॉल्ड व एच. ग्रीन यांनी १९७५ मध्ये मानवी बाह्यत्वचेच्या कोशिका प्रयोगशाळेत वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णांवर त्वचारोपण करण्यात आले. त्वचेवर सतत फोड येण्याचा आनुवंशिक विकार असलेल्या सात वर्षांच्या मुलाची सु. ८०% बाह्यत्वचा जननिक दोष दूर केलेल्या कोशिकांपासून जर्मनीत नव्याने बनविण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या उपचाराच्या अहवालानुसार, रोपण केलेल्या असंख्य कोशिकांपैकी मोजक्या दीर्घायुषी मूल कोशिकांवरच ती त्वचा टिकून होती.