ओट्यावर लिंबू नको, अ‍ॅसिड तर नकोच

घर एका खोलीचे असो की दोन, ओटा एकच. त्यावरच भाजी चिरायची, मासे साफ करायचे आणि बाळाची दुधाची वाटीही तिथेच ठेवायची. म्हणून ओटा चकाकतो की नाही यापेक्षा तो गुळगुळीत, कोरडा आणि स्वच्छ आहे का, हे आधी पाहावे.

आपल्याकडचे ओटे बहुधा कडप्प्याचे, शहाबादी किंवा कोटा फरशीचे असतात. अलीकडे ग्रॅनाइटही आला आहे. पहिले तिन्ही चुनखडीचे दगड. चुनखडीला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की वरचा थर विरघळतो, पांढरट डाग पडतो आणि जागा खरखरीत होते. त्या खरखरीत अन्नाचे कण व ओल अडकते, जंतू वाढतात. आपला दगड कोणता हे कळत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. निस्तेज डाग उरला तर चुनखडी समजा.

सणापूर्वी काहीजणी ओट्यावर संडासाचे अ‍ॅसिड ओततात. दगड तर जातोच, पण त्यावर ब्लीचिंग पावडरही टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. दवाखान्यात नोकरी करताना अशा सफाईनंतर खोकत, डोळे चोळत आलेल्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. असे झाले तर मुलांना घेऊन लगेच उघड्यावर या, पुन्हा आत जाऊ नका. श्वास लागत असेल तर थेट दवाखाना गाठा. अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

रोजची सफाई सोपी आहे. भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके, मग साधे पाणी, शेवटी कोरडे पुसणे. तारेची घासणी नको. मांस-मासळी पाटावर कापा. ओटा पुसायचे फडके रोज धुऊन उन्हात वाळवा. घाणेरड्या फडक्याने ओटा पुसणे म्हणजे जंतू सारवणे. काळेपणा यावा म्हणून तेल चोळू नका. त्यावर धूळ चिकटते, झुरळे येतात. रॉकेल तर अन्नाच्या जागी नकोच.

दगड पाणी पितो का, हे पाहायला पाण्याचे चार थेंब पंधरा मिनिटे ठेवा. पुसल्यावर जागा गडद दिसली तर स्टोन सीलर लावता येतो. ओटा धुऊन दिवसभर वाळवा. गॅस बंद, खिडकी उघडी, मुले बाहेर. फडक्याने पातळ थर द्या, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर उरलेले पुसून काढा आणि एक दिवस ओटा वापरू नका. सीलरने तेल-हळदीचे डाग लवकर मुरत नाहीत. मात्र लिंबापासून चुनखडी वाचत नाही. सीलरला पैसे नसतील तरी बिघडत नाही. दोन फरश्यांमधल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा, ते जास्त गरजेचे.

शेवटचे, दगड कापणाऱ्या आपल्या भावांसाठी. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. घरात ओटा बसवताना दगड पाणी मारत, बाहेरच कापायला सांगा. त्यांच्या छातीची काळजी त्यांनी एकट्याने का करायची?