बिरसा मुंडा यांचे पूर्वायुष्य

बिरसा मुंडा (१५ नोव्हेंबर १८७५ – ९ जून १९००) हे छोटा नागपूरमधील मुंडा आदिवासींच्या ‘उलगुलान’ या ब्रिटिशविरोधी उठावाचे नेते होते. ‘धरती आबा’ म्हणून त्यांची ख्याती होण्यापूर्वीची वर्षे दारिद्र्यात व सततच्या स्थलांतरात गेली.

बालपण

त्यांचा जन्म उलिहातू (सध्याचे झारखंड राज्य) येथे झाला असे सामान्यतः मानले जाते. वडिलांचे नाव सुगना, तर आईचे करमी. जंगल साफ करून गाव वसवणाऱ्या मूळ कुळांचा जमिनीवरील सामाईक हक्क मानणारी खुंटकट्टी पद्धत त्या काळी जमीनदार, ठेकेदार आणि कोर्टकचेऱ्यांपुढे मोडकळीस आली होती. परिणामी, सुगना यांना मजुरीसाठी गावोगाव फिरावे लागे. घरची ओढगस्त पाहून बिरसांना अयुभातू येथे मामाकडे ठेवण्यात आले. साल्गा येथील जयपाल नाग यांच्या शाळेत त्यांची अक्षरओळख झाली. पुढे मावशीने त्यांना आपल्या सासरी, खटंगा येथे नेले. तेथे शेळ्या-मेंढ्या राखताना ते आपल्याच तंद्रीत राहत आणि कळप लोकांच्या शेतांत शिरे. त्यावरून मार बसल्यावर ते गाव सोडून थोरल्या भावाकडे निघून गेले. बासरी आणि भोपळ्याचे ‘टुइला’ हे तंतुवाद्य यांचा नाद मात्र सुटला नाही.

मिशन शाळा आणि फारकत

बुर्जू येथील जर्मन मिशनच्या शाळेनंतर १८८६ ते १८९० या काळात ते चाईबासा येथे शिकले. त्यांचे कुटुंब ख्रिस्ती झाले होते. मुंडांच्या धर्मांतरामागे केवळ श्रद्धा नव्हती. गेलेल्या जमिनी परत मिळवण्यात पाद्री साहाय्य करतील ही आशाही होती. ती फोल ठरताच जमिनीसाठी झगडणारे मुंडा ‘सरदार’ मिशनवर उलटले. मिशनच्या टीकेला उघड विरोध केल्याने बिरसांना शाळेतून काढण्यात आले, असे चरित्रकार सांगतात. १८९० मध्ये कुटुंबाने चाईबासा आणि जर्मन मिशन दोन्ही सोडले.

त्यानंतर बंदगाव येथे आनंद पांडे या वैष्णव मुनशींच्या सहवासात ते जानवे घालू लागले, मांसाहार सोडला आणि तुळशीची पूजा करू लागले. पुढील वर्षांत वनहक्कांवरील सरकारी निर्बंधांविरुद्धच्या हालचालींत ते सहभागी झाले. १८९५ मध्ये चलकद येथे त्यांनी आपल्याला ईश्वरी आदेश झाल्याचे जाहीर केले. गर्दी वाढू लागताच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने त्यांना अटक केली. तेव्हा त्यांना विसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.